ज्यानं डागडुजी केली

कुंभकोणमजवळचं मरुदानल्लूर भजनाच्या माणसांना ठाऊक आहे ते सद्गुरू स्वामींचं गाव म्हणून. बोधेंद्र स्वामी आणि श्रीधर अय्यावाळ यांनी कावेरीकाठी नामसंकीर्तनाचा पाया घातला. पुढे तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळात मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी त्या भजनाला क्रम लावून दिला. जयदेवाची अष्टपदी कुठे म्हणायची, पुरंदरदासांचं पद कुठे, नामावळी केव्हा, हे त्यांच्या पद्धतीत ठरलं. गाणी बरीचशी इतरांचीच होती. दक्षिणेतली भजनमंडळी आजही त्या वाटेनं गातात.

या गावात एक जुनं तंजावरी मराठी घर होतं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. घरातला धाकटा मुलगा कुंभकोणमला तंजावर शैलीची चित्रं काढायला शिकला होता. हात चांगला होता आणि अंगात घाई होती. एका घरानं त्याच्याकडे रामपट्टाभिषेकाचं जुनं चित्र दुरुस्तीला दिलं. फळीवरचं कापड फुगलं होतं, खडूच्या भुकटीचा उठाव सुटला होता, सोन्याचा वर्ख पापुद्र्यांनी गळत होता आणि लक्ष्मणाचा चेहरा पार गेला होता.

"सगळं खरवडून नवंच काढून देतो," मुलगा म्हणाला. "नाहीतर काम परत करतो. लोकांच्या चित्रांना ठिगळं लावायला नाही शिकलो मी, आत्या."

आत्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली होती. तिनं वाद घातला नाही. "रविवारी माझ्याबरोबर पुदुक्कोट्टैला चल," एवढंच म्हणाली. "डोंगर चढलायस का कधी?"

चढणार कुठून? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जन्मलेल्याला भात, केळी आणि पाटाचं पाणी दिसतं, दगड दिसत नाही. तंजावरचं मोठं देऊळ अख्खं ग्रॅनाइटचं, पण तो ग्रॅनाइट बाहेरून आणावा लागला. त्याच देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लांबलचक लेख आत्यानं भाच्याला लहानपणीच दाखवला होता. त्यात राजांची नावं आहेत. आज तिला त्याला वेगळ्या प्रकारचं नाव दाखवायचं होतं.

पहाटेच्या बसनं कुंभकोणम सोडलं. तंजावरला गाडी बदलली. पुदुक्कोट्टैची बस मिळाली आणि तासाभरात हिरवा रंग मागे पडला. माती तांबडी झाली, भाताच्या जागी बाभळी आणि ताडाची झाडं आली. पुदुक्कोट्टैहून अन्नवासलच्या बाजूला जाणाऱ्या टाऊन बसमध्ये कंडक्टरनं आत्याच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवलं. तमिळनाडूत 2021 पासून साध्या टाऊन बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे. 

सित्तन्नवासलचा डोंगर उंच नाही, उघड्या खडकाची लांबट पाठ आहे. पश्चिमेच्या अंगाला अरिवर कोविल हे खडकात कोरलेलं जैन गुहामंदिर आहे. आत गेल्यावर मुलानं मान वर केली आणि बराच वेळ खाली केली नाही.

छतावर कमळांचं तळं होतं. हिरव्या पानांची दाटी, त्यात मासे, बदकं, हत्ती, रेडे, आणि पाण्यात उतरून फुलं गोळा करणारी माणसं. एकानं देठासकट कमळं खांद्यावर टाकली होती. मुलगा त्या देठाच्या रेषेवर खिळला. कुंचला एकदा टेकला होता तो फुलापर्यंत उचललाच नव्हता. चुन्याचा पांढरा, कोळशाचा काळा, गेरू, पिवडी, हिरवी माती, अशा मोजक्या रंगांवर हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी पाणी ओलं दिसेल असं रंगवलं होतं. खांबांवरच्या नर्तकी अर्ध्या उरल्या होत्या. कित्येक ठिकाणी गिलावा पडून नुसता खडक दिसत होता.

"काढलं कुणी?" त्यानं राखणदाराला विचारलं.

"नाव राहिलं नाही, तंबी."

"मग बाहेर कोरलंय ते कुणाचं?"

बाहेरच्या खडकावर तमिळ पद्यातला लेख आहे, नवव्या शतकातला, पांड्य राजा श्रीमार श्रीवल्लभ याच्या वेळचा. मदुरैचा आचार्य इळन गौतमन यानं आतला अर्धमंडप नीट करवून घेतला आणि पुढे मुखमंडप बांधला, असं त्यात सांगितलंय. चित्रं त्याच्या वेळची की आधीची, यावर जाणकारांचं एकमत नाही. डागडुजी त्याची, याबद्दल मात्र वाद नाही.

"त्याचाही मुखमंडप टिकला नाही," आत्या म्हणाली. "हे पुढचे खांब बघ. विसाव्या शतकात कुडुमियानमलैहून आणून उभे केलेत. पुदुक्कोट्टै संस्थानचा कारभार टॉटनहॅम नावाच्या साहेबाकडे होता, त्यानं मनावर घेतलं. एक जैन आचार्य, एक साहेब. एकमेकांना ओळखत नव्हते, पण काम एकच."

मुलगा परत आत गेला. गिलावा पडलेल्या जागेखाली उभं राहून म्हणाला, "इथं नवा रंग का नाही भरला कुणी? मला सांगितलं तर कमळं मी चार दिवसांत भरून देईन."

राखणदार हसला नाही. "देशील. पण इथलं कमळ कसं होतं ते तू पाहिलंयस का? ज्यानं पाहिलं त्यानं भरावं."

दुपारच्या आत एळडिपट्टमची गुहा गाठायची म्हणून ते निघाले. वाट डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे, पूर्वेच्या कड्यावर जाते. पाय ठेवायला खडकात खोबणी कोरल्या आहेत. हल्ली लोखंडी कठडा आहे, तरी आत्या बसत बसत गेली. कड्याच्या पोटात एक नैसर्गिक गुहा आणि तिच्यात दगड घासून केलेल्या 17 शय्या. प्रत्येकीला उशाशी दगडाचाच उंचवटा. जैन मुनी इथं राहत, तप करत. सर्वांत मोठ्या शय्येजवळ तमिळ-ब्राह्मी अक्षरं आहेत, इसवी सनापूर्वीची. ते आसन कुणासाठी केलं आणि कुणी करून दिलं, ही दोन्ही नावं त्यात आहेत.

मुलानं शय्येच्या कडेवरून बोट फिरवायला हात पुढे केला आणि कठड्यापाशीच मागे घेतला. समोर सगळा मुलूख उघडा पडला होता. तळी, वाळलेली शेतं, आणि मुनींच्याही आधीच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली दगडांची वर्तुळं असलेली जमीन. वारा जोराचा होता. आत्यानं डबा उघडला, दहीभात दोघांत वाटला. तिनं चित्राचा विषय काढला नाही, त्यानंही नाही.

पुदुक्कोट्टैच्या स्टँडवर तंजावरची बस यायला वेळ होता. मुलानं चित्राच्या मालकांना फोन लावला.

"खरवडणार नाही मी," तो तमिळमध्ये सांगत होता. "सुटलंय ते जागेवर चिकटवतो. वर्ख उरलाय तेवढा राखतो. लक्ष्मणाचा चेहरा मात्र मनानं काढणार नाही."

पलीकडचा माणूस रास्तच बोलला. चित्र देवघरातलं. रामनवमीला पूजेत ठेवायचं. चेहरा नसलेल्या लक्ष्मणापुढे आरती कशी ओवाळायची? गुहेला ही अडचण नाही. तिथं आता कुणी फुलं वाहत नाही. मुलगा गप्प झाला. त्यानं आत्याकडे पाहिलं, पण ती बसची पाटी वाचत होती.

"तुमच्याकडे जुना फोटो आहे का?" त्यानं अखेर विचारलं. "लग्नाचा, मुंजीचा, कसलाही. ज्यात मागे हे चित्र आलंय असा."

फोटो असतील, पण शोधावे लागतील. पुन्हा थोडं थांबून पलीकडून आवाज आला की घरात आजी आहेत. सून म्हणून आल्या तेव्हापासून त्या चित्राला रोज गंध त्याच लावत आल्या आहेत. नजर अधू झाली आहे, आठवण पक्की आहे.

"मग मी कागद-पेन्सिल घेऊन येतो," मुलगा म्हणाला. "त्या सांगतील तसा काढतो. त्यांना पटेपर्यंत पुसतो, परत काढतो. फळीला हात त्यानंतर. आठ-पंधरा दिवस जास्त लागतील. पैसे ठरलेत तेवढेच द्या."

आजी दुपारी झोपतात, सकाळी दहाच्या आत या, असं उत्तर आलं.

बस लागली. आत्या खिडकीशी बसली, आणि मुलानं कंडक्टरला तंजावरची तिकिटं मागताना विचारून घेतलं की उद्या सकाळी मरुदानल्लूरहून कुंभकोणमला पहिली गाडी किती वाजता.