तलवारीचे मौन, घंटेचे मौन

जी वस्तू जीव घेण्यासाठी घडवली गेली, तिला सुंदर म्हणावे काय? लंडनमधील वॉलेस संग्रहालय हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते. लेडी वॉलेस यांनी १८९७ साली मृत्युपत्राने राष्ट्राला अर्पण केलेला हा संग्रह, हर्टफर्ड हाउस या त्यांच्याच निवासस्थानी, १९०० पासून सर्वांसाठी खुला आहे. फ्रान्स हाल्स व पूसँ यांची चित्रे, सेव्ह्रची नाजूक चिनी मातीची भांडी आणि त्यांच्या शेजारी तलवारी, बंदुका, चिलखते! स्वार व घोडा या दोघांनाही पोलादात मढवणारे, १४८० च्या सुमाराचे जर्मन चिलखत पाहून कोण थक्क होणार नाही?

कारागिराचे कसब ही देवाची देणगी, असे आपण मानतो. परंतु ती कोणत्या कामी लागली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. युरोपातील कित्येक चिलखतांवर पवित्र मातेच्या व संतांच्या आकृती कोरलेल्या आढळतात. ल्यायलेला योद्धा त्यांच्याकडे रक्षण मागत होता. समोरचा शत्रूही बहुधा तीच प्रार्थना करीत होता.

याच संग्रहात एक घंटा आहे. आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात संत मुरा यांचा मठ होता, तेथली ही काशाची घंटा. भाविकांनी ती चांदीने व स्फटिकाने मढवली. आज तीही काचेआड गप्प आहे. तलवार गप्प, घंटाही गप्प. तरी ही दोन मौने सारखी नाहीत. तलवारीला आपण निर्धास्तपणे सुंदर म्हणू शकतो, ते ती निकामी झाली म्हणूनच. घंटा मात्र निकामी झाली, की तिच्या सौंदर्यातून काहीतरी वजा होते.

आपल्या वसईची आठवण येथे अपरिहार्य आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज काळातील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. भीमाशंकर, मेणवली येथे त्या आजही देवळांपाशी टांगलेल्या आहेत. ज्या वेदीसाठी त्या ओतल्या गेल्या, ती हरपली. तरी प्रार्थनेला निघालेल्या माणसांच्या वाटेवर त्या उभ्या आहेत. खंत वाटावी की समाधान? आम्हांला दोन्ही वाटते. युरोपात युद्धकाळी घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या. आपल्या घंटा लढाईत हरल्या, परंतु तोफा झाल्या नाहीत. धातू एकच असतो. त्याचे काय करावे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.