वेळेची उधळपट्टी, फितीची काटकसर

क्लासिक रॉकच्या इतिहासात देवळाली कॅम्पाला जागा असायचे काही कारण नाही. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, बार्न्स स्कूल, हवापालटासाठी येणाऱ्या पारशी-गुजराती कुटुंबांचे बंगले आणि आरोग्यधामे ही या गावाची ओळख. तरी त्या इतिहासातले एक यंत्र या गावच्या स्टेशनातून गेले असले पाहिजे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ध्वनिमुद्रणासाठी मुंबईत आला, तेव्हा एचएमव्हीच्या तिथल्या स्टुडिओत फक्त मोनो यंत्र होते. कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले, असे हॅरिसनने पुढे मुलाखतीत सांगितले. कलकत्ता-मुंबई मेल नागपूरमार्गे येवो की अलाहाबादमार्गे, भुसावळच्या पुढे दोघींचा रस्ता एकच: मनमाड, नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी आणि मग घाट. त्याच सुमारास लंडनमध्ये बीटल्स चार ट्रॅकांवर काम करत होते आणि तेही त्यांना अपुरे वाटत होते. मग दोन ट्रॅकांवर हॅरिसनने केले काय? या प्रश्नाचा पाठपुरावा केला की स्टुडिओ-अल्बमचे मर्म हाती लागते, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: रॉकचे मोठे अल्बम यंत्रांच्या श्रीमंतीतून आले नाहीत. वेळ मनसोक्त उधळायची मुभा आणि फीत मात्र जपून वापरायची सक्ती, या दोन्ही गोष्टी काही वर्षे एकाच खोलीत नांदल्या, त्यातून ते आले.

ध्वनिमुद्रण म्हणजे गाण्याची नोंद, असे आपल्याकडे फार काळ समजले जाई. गवई मैफलीत मोठा व्हायचा, तबकडी मागून यायची. ७८ च्या रेकॉर्डवर तीनेक मिनिटांत राग कसाबसा बसवायचा. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी दौरे थांबवले आणि हा क्रम उलटा झाला. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) ही कुठल्याही मैफलीची नोंद नाही. ती गाणी त्या रूपात कुठल्याच मंचावर वाजलेली नव्हती, ती स्टुडिओतच रचली गेली. ट्रॅक चारच. ते भरले की चारही मिळून दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन ट्रॅकांवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवी वाद्ये घ्यायची. हे उतरवणे एकदा झाले की ड्रम वर राहिला, गिटार दबली, तर ती जन्मभर दबलेलीच. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांना असा कायमचा शब्द वारंवार द्यावा लागे. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) पर्यंत सोळा ट्रॅक आले होते, पण काटकसरीचा हात सुटला नव्हता. ‘मनी’ या गाण्याच्या आरंभी नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज आहेत. ते एकेक करून मुद्रित केले, फितीचे तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले, सात तुकडे चिकटवून त्यांचे कडे केले आणि ते यंत्रावर फिरत ठेवले. आपल्या तबलजीला नुसते ‘रूपक’ म्हटले की सात मात्रा मिळतात. या मंडळींनी त्यासाठी पट्टी आणि ब्लेड काढले. गंमत सोडली तर मुद्दा असा, की जो ठेका कापून चिकटवला आहे तो नंतर हलवता येत नाही. पुढचे सगळे त्याच्यावरच बसवावे लागते.

आता मुंबईकडे वळू. हॅरिसन ‘वंडरवॉल’ या ज्यो मॅसट यांच्या चित्रपटाचे संगीत करत होता. त्याने चित्रपट पाहताना साधे चावीचे स्टॉपवॉच हातात धरून प्रसंगांची लांबी मोजली होती. मुंबईच्या चित्रपट-वादकांना ही रीत रोजचीच. वादक कोण, तर बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, तारशहनाईवर विनायक व्होरा, आणि असेच इतर. स्टुडिओ कचेऱ्यांच्या इमारतीत होता आणि आवाजबंद नव्हता. रस्त्यावरच्या टॅक्सींचे आवाज आत येत, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या धडधडीमुळे ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. ट्रॅक दोनच असल्याने मिक्सिंग नंतरवर टाकायची सोय नव्हती. वादक वाजवत असतानाच कोण पुढे, कोण मागे हे ठरत गेले. म्हणजे लंडनमध्ये चार ट्रॅकांवर जो निर्णय काही तासांनी किंवा काही दिवसांनी घ्यावा लागे, तो इथे त्याच क्षणी घ्यावा लागला. त्या मोजक्या दिवसांत चित्रपटाखेरीज काही जादा वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्यातली एक फीत हॅरिसन लंडनला घेऊन गेला, फेब्रुवारीत ॲबी रोडवर तिच्यावर आवाज चढवला, आणि मार्च १९६८ मध्ये ‘द इनर लाइट’ हे गाणे बीटल्सच्या सिंगलच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झाले. ‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबरात आला. बीटल्सपैकी एकट्याने काढलेला तो पहिला अल्बम आणि ॲपल कंपनीचाही पहिलाच. तो निखळ रॉक अल्बम नाही, हे मान्य. अर्धा लंडनचा, अर्धा मुंबईचा, आणि शेवटी पार्श्वसंगीतच. पण त्यातले मुंबईचे तुकडे लंडनच्या तुकड्यांपेक्षा जास्त घट्ट विणलेले वाटतात, हे कान देऊन ऐकणाऱ्याला नाकारता येणार नाही.

याचे श्रेय यंत्राला द्यायचे की माणसांना? माझ्या मते माणसांनी आधी खर्च केलेल्या वेळाला. याच एचएमव्हीसाठी १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली होती. शिवकुमार, हरिप्रसाद आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, एका तबकडीच्या दोन बाजूंवर मांडलेला. कंपनीच्या बाजूने त्यामागे होते जी. एन. जोशी, म्हणजे भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक आणि नंतर अनेक वर्षे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची धुरा वाहणारे अधिकारी. तीन कलावंतांची जुगलबंदी वाजली आणि ती टिपून घेतली, असे तिथे झालेले नाही. कोणता राग कुठे, कोणते वाद्य केव्हा गप्प, बाजू कुठे उलटायची, हे आधी बांधलेले आहे. ज्याला पाश्चात्त्य समीक्षक कन्सेप्ट अल्बम म्हणतात ते फोर्टातल्या कंपनीत ‘सार्जंट पेपर’च्याच वर्षी सिद्ध झाले होते, आणि त्यातले दोन वादक पुढच्या जानेवारीत हॅरिसनसमोर बसले. त्याला दोन ट्रॅक पुरले त्याचे कारण हेच. तुकड्यांचा विचार करण्यात या माणसांची वर्षे गेली होती.

यावर पहिला आक्षेप क्वीनच्या बाजूने येईल. सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवणारा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त (१९७५) काटकसर कुठे आहे? चोवीस ट्रॅक होते, आणि मधल्या ऑपेराच्या भागावर तिघांच्या आवाजांचे थरांवर थर चढवण्यात आठवडे गेले. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. चोवीस ट्रॅकसुद्धा पुरेनात, म्हणून थर पुन्हापुन्हा एकत्र उतरवावे लागले. फीत यंत्रातून इतक्यांदा गेली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला, असे ब्रायन मे सांगतो. आता बिघडले तर परत नाही, या जाणिवेखाली ते गायले गेले. आणि इतके करून जी गोष्ट तयार झाली ती मंचावर उभी करता येईना. त्या भागापुरता बँड विंगेत जायचा आणि फीत वाजायची. अल्बम ही मैफलीची नोंद नाही, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात झाली. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बमही जवळजवळ एका दिवसाचाच. मुंबईच्या फिल्मी गाण्यांचे तर विचारूच नका. गायक, कोरस, व्हायोलिनचा ताफा, ढोलक सगळे एकदम. शेवटच्या अंतऱ्यात एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि तरी एका शिफ्टमध्ये गाणे ओके. मग वेळेची उधळपट्टी हवीच कशाला? उत्तर असे, की ती उधळपट्टी स्टुडिओच्या भाड्यात दिसत नाही म्हणून झालीच नाही असे नव्हे. बीटल्सनी ती हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवून केली होती. फिल्मी गाण्यात ती संगीतकाराच्या बैठकींत आणि अरेंजरच्या टेबलावर होई. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, अनिल मोहिले यांनी लिहिलेल्या कागदांमुळे शिफ्ट वाचत असे. फक्त ते कष्ट चार मिनिटांच्या एका गाण्यासाठी होते. गाणी एकमेकांना कशी भिडतील, पहिल्या बाजूचा शेवट दुसरीची ओढ कशी लावेल, यासाठी निर्माता पैसे देत नव्हता आणि त्याला तसे कारणही नव्हते.

वेळ नसला की काय होते ते १९७२ मध्ये मुंबईतच दिसले. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले आणि त्यांनी स्थानिक वादकांना घेऊन, विजय राघव राव यांच्या देखरेखीखाली, आपलीच ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी मुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांची सरमिसळ आहे. वादकांना ती मोजणी पचायला जड गेली, असे पेजच्या बोलण्यात पुढे आले. झपताल आणि रूपक ज्यांच्या बोटांत आहेत, त्यांना पाचाचा धाक असायचे कारण नाही. अडचण निराळी होती. हॅरिसनने मोकळ्या जागा दिल्या होत्या, त्या वादकांनी आपल्या पद्धतीने भरल्या. पेज आणि प्लांट तयार गाणी घेऊन आले आणि त्यांना नवा पोशाख चढवायला निघाले, तोही अगदी थोड्या वेळात. ‘फ्रेंड्स’ त्यातल्या त्यात जमले आहे. या फिती २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत बाहेर आल्या, म्हणजे त्रेचाळीस वर्षे पडून राहिल्या. कुतूहलापलीकडे त्यांचे मोल फारसे नाही, असे माझे मत.

मग मुंबईचा स्वतःचा रॉक अल्बम त्या दशकात का घडला नाही? गुणी मुले नव्हती म्हणून नाही. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास गात होते आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्यांनी तो आवाज मराठी रंगभूमीवर आणला. यंत्रे नव्हती म्हणूनही नाही. व्यवहार जाणणारी माणसे नव्हती हे तर मुळीच नाही. कलकत्त्याहून यंत्र आणवणारे मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि ‘डार्क साइड’ तिथे विकला तो त्यांच्याच कारकिर्दीत. तो १९७३ ते १९८८ दरम्यान बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता. नव्हता तो बँडच्या हाती वेळ. पिंक फ्लॉइडने ‘डार्क साइड’ स्टुडिओत पुरा करण्याआधी वर्षभर मंचावर घासून घेतला होता. आपल्या मुलांना हॉटेलांत आणि कॉलेजच्या समारंभांत इतरांचीच गाणी वाजवावी लागत. १९७०-७१ च्या सिगारेट कंपनीच्या सिमला बीट स्पर्धांतून निवडक बँड तबकडीवर आले, तेही एकेका बँडची एक-दोन गाणी एवढेच. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांच्या रॉक मशीनचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम यायला १९८८ उजाडले.

आज परिस्थिती बरोबर उलटी आहे. लॅपटॉपवर ट्रॅक मोजायची गरज नाही, आणि कुठलाही निर्णय सहा महिन्यांनी फिरवता येतो. यंत्राने गरिबाला दार उघडले, ही गोष्ट मोठीच आहे आणि तिला नाक मुरडण्याचा हक्क मला नाही. पण जे कधीच पक्के करावे लागत नाही, ते पक्के होतही नाही. नव्या मराठी बँडमधली बरीच गाणी चांगल्या सुरुवाती वाटतात, ती याचमुळे. नाशिक-देवळालीकडे गिटार घेऊन बसणाऱ्या मुलांना म्हणून एवढेच सांगणे आहे: वर्षभर गाणी एकत्र वाजवा, मग मुद्रित करताना आठच ट्रॅक घ्या, आणि मिटवलेले परत आणायचे बटण वापरू नका.