संमती कुणासाठी?

मिडोस्टॉरिन हे तीव्र रक्तकर्करोगातील एका जनुक-बिघाडावर नेम धरणारे औषध. केमोथेरपीबरोबर त्याची पहिली चाचणी झाली तेव्हा दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम हा डोस अनेकांना झेपला नाही. मळमळ-उलट्यांनी औषध सोडावे लागले. ५० झेपला. त्याच डोसावर पुढे ७१७ रुग्णांची मोठी चाचणी झाली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चार वर्षांनी हयात होते औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के, नुसत्या केमोवरच्यांपैकी ४४.

म्हणजे शंभरवाल्यांनी सोसले, ते पन्नासवाल्यांच्या कामी आले. हे त्यांना ठाऊक होते का? अशा पहिल्या चाचणीचा मुख्य सवाल ‘बरे होतील का’ हा नसतोच, ‘किती सोसतील’ हा असतो. रुग्ण मात्र सही करतो ती बरे होण्यासाठी. त्यात निदान कालचे, आणि उपचाराला सवड जेमतेम काही दिवसांची!

आम्हाला ही संमती खोटी वाटत नाही. पण दान नियतीने होते. आपण देतो आहोत हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून आपण घेतले ते काय? ‘यातला काही भाग तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी आहे’ हे वाक्य डॉक्टरांनी रुग्णाच्या भाषेत, सहीच्या आधी उच्चारावे. ऐकून काही जण परत फिरतील. फिरू द्यावे.