पाहणाऱ्याचें ऋण

दर जानेवारींत आशियाई पाणपक्षी-गणनेसाठीं हौशी पक्षिमित्र पहाटेच तळ्यांच्या व खाड्यांच्या कांठीं जाऊन बसतात. हा रिकामपणाचा उद्योग होय, असें कित्येक सुज्ञ म्हणतात. निव्वळ पाहण्यानें कोणाचें रक्षण होत नाहीं, हा त्यांचा आक्षेप आम्हांसही विचारार्ह वाटतो.

परंतु भरतपूरच्या गिधाडांचें उदाहरण घ्यावें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं १९८० नंतरच्या दशकांत त्यांची मोजदाद केली होती. पुढील दशकांत गिधाडें झपाट्यानें घटलीं, तेव्हां त्या जुन्या नोंदींमुळेंच ऱ्हासाचें प्रमाण कळलें. मृत गुरांच्या मांसांतून पोटांत जाणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध त्यास कारण असल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. जनावरांसाठीं त्याच्या उत्पादनावर भारतांत २००६ सालीं बंदी आली.

मोजणारास पुढचें कांहींच ठाऊक नव्हतें. उपयोग दिसत नसतांही, कुरूप मानलेल्या जीवाकडेसुद्धां लक्ष देणें, हाच आमच्या मतें या छंदांतील धर्म होय. मात्र ज्यानें मोजिलें, तो साक्षीदार झाला. घट दिसूनही जो गप्प राहिला, त्यास निर्दोष कसें म्हणावें?