अक्षरांनी राखलेला भेद

पोर्तुगीज शिकणाऱ्याला शुद्धलेखनात सर्वांत जास्त अडवतात ते समोच्चारी शब्द. लिस्बनमध्ये ‘कुझेर’ म्हणजे शिजवणे आणि ‘कुझेर’ म्हणजेच शिवणे. उच्चारात कणभर फरक नाही. पण शिजवताना झेड लिहायचा, शिवताना एस. ‘सेला’ ही कोठडी असेल तर आरंभी सी, घोड्याचे खोगीर असेल तर एस. ‘पासु’ म्हणजे पाऊल असेल तर दोन एस, राजवाडा असेल तर सेडिला, म्हणजे खाली शेपटी असलेला सी. अशा जोड्या बहुतेक जण पाठ करतात. पण कोणते अक्षर लिहायचे एवढेच यादी सांगते. ते का, हे सांगत नाही. म्हणून पाठांतर ऐन वेळी दगा देते.

हा भेद एके काळी कानालाही कळत होता. मध्ययुगीन पोर्तुगीजमध्ये एसचा उच्चार ‘स’च्या जवळचा होता. अशा शब्दांतला सी किंवा सेडिला ‘चूल’मधल्या च-सारखा उच्चारला जाई आणि झेड ‘जाळे’मधल्या ज-सारखा. १६व्या शतकाच्या सुमारास लिस्बन आणि दक्षिणेकडच्या बोलीत हे ध्वनी एकमेकांत मिसळले. ईशान्येच्या त्राझ-उझ-मोंतेश प्रांतात मात्र काही बोलींनी जुना फरक जपला. १९११ साली पोर्तुगालने लेखन सोपे केले, कितीतरी जुनी जोडाक्षरे काढून टाकली. पण या जोड्यांना हात लावला नाही. त्या सुधारणेचे प्रमुख शिल्पकार गोन्साल्व्हेस व्हियाना स्वतः ध्वनिशास्त्रज्ञ होते आणि उत्तरेच्या बोली त्यांना ठाऊक होत्या.

अक्षर जुना ध्वनी राखते आणि तो ध्वनी नातलग शब्दांतही सहसा तोच असे, म्हणून अक्षर अडले की शब्दाचे गोत विचारावे. शिजवण्याच्या ‘कुझेर’ची नातलग ‘कुझिन्या’, म्हणजे स्वयंपाकघर, तिथेही झेडच. शिवण्याच्या ‘कुझेर’ची नातलग ‘कुश्तुरा’, म्हणजे शिवणकाम, तिथे एस. राजवाड्याच्या ‘पासु’चा भाऊबंद ‘पालासियु’ सीने लिहितात, तर पावलाच्या ‘पासु’शी जोडलेले ‘पासार’, म्हणजे पुढून जाणे, दोन एसने.

न उच्चारला जाणारा एचही असाच ओळखता येतो. ‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणताना येणारा ‘आ’ हा ‘आव्हेर’ या क्रियापदाचे रूप आहे आणि ते क्रियापद लॅटिनपासून एच घेऊन आले आहे. ‘च्याकडे’ या अर्थाचा ‘आ’ हे शब्दयोगी अव्यय आणि स्त्रीलिंगी उपपद यांचे मीलन आहे; त्यात एच येण्याचे कारणच नाही.

प्रत्येक जोडी इतकी सरळ उलगडत नाही. ‘कोंसेर्तु’ म्हणजे दुरुस्ती असो वा संगीताची मैफल, तिथे एस आणि सी लक्षात ठेवणेच भाग आहे. पण असे अपवाद वेगळे काढले की पाठ करण्याचे ओझे पुष्कळ हलके होते. आधी अर्थ, मग नातलग, शेवटी अक्षर, हा क्रम अंगवळणी पडला की शुद्धलेखन स्मरणावर नव्हे, समजुतीवर उभे राहते.