भेदरलेल्या मुलांचा आपल्यावरील हक्क

अल्लाह आपल्या दासांची परीक्षा कशाकशाने घेईल, हे सूरह बकरामध्ये (२:१५५) सांगितले आहे. भूक, संपत्तीची हानी, प्राणहानी, पिकांची हानी ही सारी नावे तेथे आहेत. परंतु त्या सर्वांआधी उल्लेख आहे तो भीतीचा. पूर आला, दरड कोसळली की आपल्या जमाती तत्परतेने धावतात. तांदूळ, चटया, भांडी, औषधे पोहोचतात. घरांसाठी वर्गणी जमते. अल्लाह ही सेवा स्वीकारो. पण आयतीत जिचे नाव पहिले आले, त्या भीतीसाठी आपल्या ट्रकमध्ये काय असते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे वजन झोपेतल्या माणसांवर कोसळले. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे नवी गावे वसली, पण लोकांच्या मनात दगडी बांधकामाचीच धास्ती बसली. त्या पहाटे जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती आज चाळिशीत आहेत. घर काही वर्षांत बांधून होते. मनाची पडझड किती काळ टिकेल, याचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात नसतो.

बहुतेक मुले प्रेमाच्या माणसांत, शाळेत, खेळात हळूहळू सावरतात, ही अल्लाहची कृपा आहे. काही मात्र सावरत नाहीत, आणि तसे सांगतही नाहीत. मोठा झालेला मुलगा पुन्हा अंथरूण ओले करतो. मुलगी आईचा पदर सोडत नाही. पोट दुखते, पण तपासणीत काही सापडत नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून राग उफाळतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाड व चिपळूण पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली. त्यातून वाचलेल्या एखाद्या मुलाला पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावरचा आवाज ऐकून झोप लागली नाही, तर तो हट्ट समजू नये.

अशा मुलाच्या कानावर आपण काय घालतो? हा अजाब होता, आपल्या गुनाहांची शिक्षा होती, असे मोठी माणसे सहज बोलून जातात. कधी मिंबरवरूनही बोलले जाते. मूल ते ऐकते आणि आपलाच अपराध शोधू लागते: मी अम्मीशी भांडलो होतो, मी नमाज चुकवली होती, म्हणून हे घडले. वास्तविक, बुडून किंवा ढिगाऱ्याखाली दबून मरण आलेल्या मोमिनांची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहीदांमध्ये केली आहे. ज्यांना प्रेषितांनी शहीद म्हटले, त्यांच्या मृत्यूला शिक्षा ठरवणारे आपण कोण? आणि ज्या वयात कर्मांची नोंद करणारी लेखणीच उचललेली असते, त्या वयाच्या जिवावर अपराधाचे ओझे कशासाठी? ही गोष्ट आपल्या खतीबांनी खुतब्यातून स्पष्टपणे सांगावी.

दुसरा शब्द सब्राचा. रडणारे मूल गप्प करण्यासाठी हा शब्द वापरणे म्हणजे त्याचा अर्थच उलटा करणे होय. ह. याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके शोकाकुल झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले, तरीही त्यांचा सब्र कुरआनात सुंदर म्हटला गेला. त्यांनी आपले दुःख लपवले नाही. ते अल्लाहसमोर मांडले.

हिजरी ८ मध्ये मूताच्या युद्धात ह. जाफर (र.) शहीद झाले. प्रेषित (स.) त्यांच्या घरी गेले, मुलांना जवळ घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्या घरी जेवण पाठवण्यास त्यांनी सांगितले. तीन दिवसांनी ते पुन्हा आले आणि मुलांचे केस कापण्यासाठी न्हावी बोलावला. किती साधी गोष्ट! पण मुलांचे रोजचे जग अशाच साध्या गोष्टींनी पुन्हा सुरू होते. आईने मुलांच्या पोरकेपणाचा विषय काढला, तेव्हा इहलोकी व परलोकी मीच त्यांचा पालक आहे, असे प्रेषितांनी सांगितले. मोठेपणी हा प्रसंग कथन करणारे अब्दुल्लाह (र.) हे त्याच मुलांपैकी एक होते.

पालकत्व दीर्घकाळाचे असते. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी उचलली. सत्कार्य कोणाचेही असो, त्यातून शिकण्यात मोमिनाला संकोच नसावा.

मानसोपचाराला ईमानची उणीव समजणारेही आपल्यात आहेत. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, या प्रेषितवचनातून मनाचे आजार वगळलेले नाहीत. शोकाने हृदय जड झालेल्यांसाठी प्रेषितांनी तलबीना, म्हणजे जवाची पेज, सुचवली होती. दुआ करावी, आणि महिना उलटूनही झोप, भूक, शाळा सुधारत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलाला घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, मोबाइलवरील ती दृश्ये त्याला दाखवू नयेत. त्याने स्वतःहून विचारले तर वयाला झेपेल एवढे खरे सांगावे.

जमातीच्या ज्या वहीत शिधा दिलेल्या कुटुंबांची नोंद आहे, तिच्यातच त्या घरांतील मुलांची नावे व वये लिहून ठेवावीत, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या घरी कोणीतरी जाऊन बसावे.