पदवी आणि पात्रता

गुरुगृहाहून परतणाऱ्या शिष्यांचे आमच्या सूत्रकारांनीं तीन प्रकार मानिले आहेत. पारस्करगृह्यसूत्राप्रमाणें, ज्यानें वेदाध्ययन संपविलें पण व्रताचा काल पुरा केला नाहीं, तो विद्यास्नातक. ज्यानें काल पुरा केला पण अध्ययन संपविलें नाहीं, तो व्रतस्नातक. आणि ज्यानें दोन्ही तडीस नेलीं, तो विद्याव्रतस्नातक. पदवी कोणास द्यावी, या आजच्या प्रश्नाचा गाभाही हाच आहे. काल मोजावा कीं विद्या?

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १८६२ सालीं त्याचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें दीर्घकालपर्यंत वार्षिक परीक्षा हीच पदवीची मुख्य कसोटी राहिली. आतां श्रेयांकांची गणना आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रांत आठवड्यास एक तास व्याख्यान, हें स्थूलमानानें एका श्रेयांकाचें माप, परीक्षा आहेच. म्हणजे व्रत आणि विद्या या दोहोंचा हिशेब विद्यापीठ ठेवूं पाहतें.

या हिशेबास हंसणारे पुष्कळ आहेत. विद्या ही काय तराजूंत तोलावयाची वस्तु आहे, असें ते विचारतात. प्रश्न गैर नाहीं. परंतु तराजू काढून टाकल्यावर उरतें काय, हें ते पाहत नाहींत. उरते ती तोलणाराची मर्जी. आणि मर्जीचें दार ओळखीच्या माणसास आधीं उघडतें. ज्याच्या मागें कोणी नाहीं, अशा विद्यार्थ्यास कोरडा नियम हाच खरा आश्रय होय.

अडचण पुढें आहे. समजा, एका मुलीस उत्तीर्ण होण्यास दोन गुण कमी पडले. घरची स्थिति हलाखीची. पदवी मिळाली तर नोकरी ठरलेली. हें ठाऊक असलेल्या परीक्षकानें ते दोन गुण हळूच घालावे काय? आमच्या मतें घालूं नयेत. दयेस आमचा विरोध नाहीं. सवलतीचे गुण देणें असल्यास तसा नियम विद्यापीठानें आधीं जाहीर करावा; म्हणजे जिची हलाखी परीक्षकाच्या कानीं गेली नाहीं, तिलाही तो लाभ मिळेल. चोरून केलेली दया ही एकीवर उपकार आणि तिच्यासारख्याच दुसरीवर अन्याय होय.

शिवाय पदवी हा देणारा व घेणारा या दोघांपुरताच व्यवहार नव्हे. ती तिऱ्हाइतास दिलेली ग्वाही आहे. उद्यां हा पदवीधर शाळेंत शिकवूं लागेल, तेव्हां पुढें बसलेलीं मुलें त्या ग्वाहीवरच विसंबलेलीं असतील. न आलेल्याची हजेरी मांडणारा अध्यापक त्या मुलांस फसवितो, आणि त्यांना त्याचें नांवही कळत नाहीं.

नियम पुरे केल्यानें पात्रता सिद्ध होतेच असें नाहीं. एखादा केवळ व्रतस्नातक होऊन बाहेर पडेल. तरी त्याचें व्रत तरी खरें असतें. ज्याचें व्रतही खोटें आणि विद्याही खोटी, अशा स्नातकास सूत्रकारांनीं नांवच दिलेलें नाहीं. तसल्यास नांव देण्याचें काम आमच्या विद्यापीठांनींही पत्करूं नये.